पंपावरची खूण

थोरल्याने रेडिएटरच्या झाकणावर ओलं फडकं टाकून ते अर्धा आटा सोडलं, तशी वाफ फुसफुसत बाहेर आली. या आठवड्यातली ही चौथी वेळ.

“मिस्त्री, इंजिन बसवलंत की पाणी तापवायचा बंब?” व्हॅनवाल्या ताईंनी विचारलं.

त्या बोलत होत्या गमतीने, पण चेहरा रडवेला झाला होता. टेकडीवरच्या शाळेच्या मुलांची ने-आण करून त्यांचं घर चालायचं. व्हॅनचं इंजिन जाम झालं, तेव्हा थोरल्याने भंगारात निघालेल्या गाडीचं डिझेल इंजिन काढून तिला बसवलं. सोमवारी व्हॅन चढ चढली नाही तर शाळा दुसरी गाडी लावणार होती. आणि ही बया अर्ध्या चढावर धापा टाकायची, पांढरट धूर सोडायची, तापमानाचा काटा लालवर जाऊन भिडायचा.

थोरल्याने रेडिएटर धुतला, थर्मोस्टॅट बदलला, पट्टा ताणला, फिल्टर नवे घातले. फरक शून्य. उरला डिझेलचा पंप. त्याची वेळ मागे पडली की डिझेल उशिरा जळतं, ताकद जाते आणि इंजिन तापतं, हे त्याला तोंडपाठ होतं. तरी पंपाची वेळ तपासायला तो धजला नव्हता. हे इंजिन कधीकाळी बाबांनी खोललं होतं, आणि पंप नेमका कुठे बसवायचा ते दाखवणारी त्यांच्या छिन्नीची खूण पंपावर होती. सील बदलायला पंप काढला, तेव्हा त्याने खुणेला खूण जुळवून तो परत लावला. बाबांची खूण तपासायची म्हणजे बाबांवरच शंका घेण्यासारखं होतं.

पंपातला जाणकार पत्र्याच्या पलीकडे बसला होता. त्याचा धाकटा भाऊ. बाबा गेल्यावर थोरला एका गिऱ्हाइकासमोर बोलून गेला होता, “बाबांचा हात उतरला तो माझ्यातच.” त्यानंतर वर्कशॉपच्या मधोमध पत्रा उभा राहिला, आणि तीन वर्षं दोघांत अवाक्षर नाही.

“पलीकडे विचारायचं का?” ताई हळूच म्हणाल्या.

थोरल्याने हात पुसले. पुसलेले हात पुन्हा पुसले. मग पत्र्याला वळसा घालून गेला. लाजेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

“जरा पंप बघतोस?”

धाकट्याने हातातलं नोझल खाली ठेवलं, टॉर्च उचलला आणि येऊन बॉनेटखाली डोकं घातलं. बराच वेळ ते वर आलंच नाही. मग हसण्याने त्याचे खांदे हलायला लागले.

“दादा, ही खूण बाबांची नाही. माझी आहे.”

“चल! काहीतरीच.”

“पहिल्यांदा छिन्नी दिली होती त्यांनी माझ्या हातात. दोन मिलिमीटर चुकलो. त्यांनी मोजून पंप बरोबर बसवला, पण खूण काही खोडू दिली नाही. म्हणाले, राहू दे, पुढच्या वेळी हात नीट चालेल.”

“मला कधी बोलले नाहीत.”

“मीच सांगू नका म्हटलं होतं. तू चिडवून चिडवून जीव घेतला असतास.”

थोरला खुणेकडे बघत राहिला. ज्या हाताची तो जन्मभर फुशारकी मारत आला, तो हात त्याला ओळखता आला नव्हता. त्याचा चेहरा पडला, आणि मग त्यालाच हसू फुटलं.

“आणि म्हणे हात तुझ्यात उतरला,” धाकटा म्हणाला. पण त्याच्या आवाजात राग नव्हता.

त्याने डायल लावून मोजलं, नट सैल केले आणि पंप केसाकेसाने फिरवत आणला. “बस. आवळ आता.” थोरल्याने निमूटपणे आवळलं.

तिघं पुढच्या सीटवर दाटीवाटीने बसले. चढ लागला. ताईंनी धीर करून तिसरा गिअर तसाच ठेवला, आणि व्हॅन कुरकुर न करता चढत गेली. काटा मध्यावर होता, तो तिथून हलला नाही. शाळेच्या फाटकाशी ताईंनी गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

“झालं हो,” त्या म्हणाल्या. “जिंकलं.”

“अजून एक फेरी मारू,” थोरला म्हणाला.

“कशाला? सगळं बरोबर आहे,” धाकटा म्हणाला.

“असू दे. खात्री झालेली बरी.”

ताईंनी दोघांकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता व्हॅन लांबच्या रस्त्याला वळवली.