वहिनीनं आवळलेले स्क्रू

नणंदेनं पार्सल फोडलं आणि जेवणाच्या टेबलावर तीन वस्तू मांडल्या: लांब नळी, हलका ट्रिगर आणि पुढे धरायची मूठ. शेजारी तिचा पेंटबॉलचा मार्कर, म्हणजे हवेच्या दाबावर रंगाच्या गोळ्या उडवणारी बंदूक. नणंद पोहायला शिकवायची, पण तिचा उतावळेपणा काही पाण्यानं विझला नव्हता.

"वहिनी, चारला सामना आहे. तासाभरात बसवू सगळं."

वहिनी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर फ्रेमच्या दांड्या आवळायचं काम, त्यामुळे स्क्रू दिसला की तिचे हात शिवशिवायचे.

"आधी हवेची टाकी काढ. गोळ्यांचा डबाही."

नणंदेनं दोन्ही काढलं आणि मार्कर भिंतीकडे रोखून आत उरलेली हवा सोडली. मग नळी फिरवून बसवली, ट्रिगर बदलला, मुठीचे स्क्रू पिळले. पुन्हा टाकी आणि डबा जोडून, गॉगल चढवून दोघी अंगणात गेल्या.

दहा-बारा गोळ्यांतच मूठ डुगडुगायला लागली. त्यात वळताना मार्कर दाराच्या चौकटीवर आपटला आणि ट्रिगरवर बोट नसताना गोळी सुटली. कोपऱ्यातली कुंडी पिवळीधमक झाली.

"हे घेऊन मैदानात जाणार तू?" वहिनीनं हळूच विचारलं. ती ओरडली असती तर बरं, असं नणंदेला वाटलं.

सगळं परत उघडलं. ट्रिगरचा स्क्रू फारच आत गेला होता, म्हणून नुसत्या धक्क्यानंही गोळी सुटत होती. वहिनीनं तो जरा जरा मागे घेतला आणि दर वेळी गोळ्या न भरता, नुसती हवा लावून मार्कर उशीवर आपटून पाहिला. शेवटी तो गप्प राहिला. मुठीचे स्क्रू तेलकट होते. ते पुसून तिनं आट्यांवर निळ्या चिकट द्रवाचा एकेक थेंब सोडला आणि बेतानं आवळले.

"हे वाळलं की हादऱ्यानं स्क्रू सैल होत नाही. आम्ही फ्रेमला हेच लावतो. पण आता दुपारपर्यंत हात लावायचा नाही."

नणंद टेबलाभोवती घिरट्या घालत राहिली.

मैदानावर पोचल्या, तर त्यांच्या तिघांच्या संघातला बेकरीवाला पाय मुरगळून बाकावर बसलेला.

"वहिनी, तू ये."

"मी नुसती बघायला आलेय."

"मग आतून बघ." नणंदेनं आपला मार्कर तिच्या हातात दिला आणि स्वतः भाड्याचा जुना घेतला. "तुझा हात बसलाय त्याच्यावर."

शिट्टी वाजली. मधल्या खांबावरची घंटा जो आधी वाजवेल तो जिंकणार. त्यांचा तिसरा गडी, ज्याला सगळे टोळ म्हणायचे, पहिल्याच उडीत रंगून बाहेर गेला. पण त्याआधी त्यानं समोरच्या दोघांना रंगवलं होतं. उरला समोरच्यांचा कप्तान, लाकडी फळीआड.

वहिनी धावली आणि पिंपामागे अशी काही पडली, की मार्कर दाणकन पत्र्यावर आदळला. गोळी सुटली नव्हती. मूठही जागची हलली नव्हती.

"वहिनी, त्याला दाबून धर, मी पळते," नणंद ओरडली.

वहिनीनं फळीच्या कडेवर गोळ्यांची झोड उठवली. फट, फट, फट. मूठ हातात दगडासारखी घट्ट होती. नणंद सुसाट निघाली. तिला टिपायला कप्तानानं खांदा बाहेर काढला, तेवढा वहिनीला पुरला. पिवळा ठिपका उमटला आणि त्यानं हात वर केला. पाठोपाठ घंटा वाजली.

टोळ कुंपणापलीकडून नाचत होता. बेकरीवाला लंगडत उठला. नणंदेनं धावत येऊन वहिनीला मिठी मारली. तेवढ्यात वहिनीचा फोन वाजला. घरून नवरा विचारत होता, किती वेळ लागेल.

"चहा तुमचा तुम्ही करून घ्या," वहिनी धापा टाकत म्हणाली. "आम्ही अजून एक डाव खेळतोय."

नणंदेनं तिच्याकडे वळून पाहिलं. वहिनी डब्यात गोळ्या भरायलाही लागली होती.