मिठाच्या रेघेआतलं राज्य

दिवाळीनंतरचं तिसऱ्या प्रहरचं ऊन मिठागरांवरून आमच्या मैदानात उतरलं, की रोझलिन बाईंच्या दोन टाळ्या ऐकू यायच्या, कोरड्या आणि खणखणीत. उत्तनहून येणाऱ्या या बाई आम्हाला मराठी शिकवायच्या आणि पी.टी.च्या तासाला आमच्यात येऊन खेळायच्या. शाळेत चुन्याची फक्की नसायचीच, म्हणून पलीकडच्या आगरातलं ओंजळ-ओंजळ खडेमीठ सांडत त्या मैदानाची हद्द आखायच्या, चपला रेघेबाहेर काढायच्या, पदर कमरेला खोचायच्या आणि पकडापकडीचं पहिलं राज्य स्वतःवर घ्यायच्या. त्या शुभ्र रेघेच्या आत त्यांचं वय कुठे जायचं, कोण जाणे.

लालबागच्या चाळीतून आम्ही भाईंदर पूर्वेला राहायला आलो, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पोलिओने डावा पाय बारीक राहिलेला. चाळीत मी प्रत्येक खेळात लिंबूटिंबू होते. लिंबूटिंबूला कुणी पकडत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. तो खेळात असतो आणि नसतोही. सगळे मायेनेच वागायचे, आणि त्या मायेचा मला मनस्वी राग यायचा. पण तो सांगायचा कुणाला?

नव्या शाळेत आईने बाईंसाठी चिठ्ठी दिली होती, हिला धावायला लावू नये म्हणून. बाईंनी ती वाचली, घडी घालून पुस्तकात ठेवली आणि खेळ सुरू झाल्यावर थेट माझ्या पाठीवर थाप मारली. मुलींनी गिल्ला केला, ही लिंबूटिंबू आहे, हिला आऊट नसतं. वर्गात अनुस्वारही जपून उच्चारणाऱ्या बाई खेळाच्या भरात घरच्या बोलीवर यायच्या. त्या म्हणाल्या, "माझ्या खेळात लिंबूटिंबू कुणी न्हाय. राज्य हिचं हाय."

त्या तासाला माझ्या हाती कुणी लागलं नाही. पुढच्या तासालाही नाही. दर वेळी बाई आधी विचारायच्या, राज्य कुणावर राहिलंय, आणि मी हात वर करायचे. घरी येऊन रडले, तेव्हा आई तावातावाने शाळेत जायला निघाली. मीच तिला अडवलं. फजितीचं का असेना, ते राज्य माझं होतं आणि ते कुणी माफ करून घेतलेलं मला चालणार नव्हतं.

तिसऱ्या तासाला मी धावणंच सोडलं. जिथे मिठाच्या दोन रेघा मिळतात, त्या कोपऱ्यात गुपचूप उभी राहिले. मुलींना चिडवण्यात रंगलेल्या बाई हसत हसत मागे सरकत आल्या आणि मी त्यांचं कोपर घट्ट धरलं. त्यांनी वळून पाहिलं. कपाळाला आठी पडली, खालचा ओठ दातांखाली गेला आणि एक पाय जमिनीवर आपटला गेला. हरल्याचं सोंग करणारी माणसं मी जन्मभर पाहत आले होते. हे सोंग नव्हतं. बाई खरोखर हरल्या होत्या आणि खरोखर चिडल्या होत्या. कुणी मला दिलेली याहून मौल्यवान वस्तू माझ्याकडे नाही.

आता मीही शिक्षिका आहे. पी.टी.च्या तासाला मुलींबरोबर खेळते, पाय ओढत, आणि पहिलं राज्य घेते. गेल्या हिवाळ्यात बाई गेल्याचं उत्तनहून कळलं. त्या दिवशी टाळ्या वाजवताना हात क्षणभर हवेतच राहिले. काळाच्या खेळात लिंबूटिंबू कुणीच नसतं, बाईसुद्धा नाहीत. त्या रेघेपलीकडे निघून गेल्या आहेत, राज्य माझ्यावर आहे, आणि पाठीवरची ती थाप अजून गरम आहे.