नळीतली हवा

बाळासोंनी नळीवरची शेवटची क्लिप पिळली, बोनेटवर थाप मारली आणि केबिनमध्ये चढून स्टार्टर दाबला. वडिलांच्या ट्रकात बसवलेलं दुसऱ्या गाडीचं इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं. जेमतेम राहू गावाच्या वेशीपर्यंत गेले, तोच काटा लाल पट्टीत शिरला आणि रेडिएटरमधून वाफ उसळली.

नव्या इंजिनाची नळी उजवीकडे, जुन्या रेडिएटरचं तोंड डावीकडे. बाळासोंनी आयुष्यभर फुलांना पाणी खेळवलेलं. त्यांनी रबरी नळ्या आणि लोखंडी पाइप जोडून वरून झकास कमान काढली होती. तिचाच फोटो त्यांनी खुटबावच्या रविराज मेकॅनिकला पाठवला.

"मामा, कमान रेडिएटरच्या वर गेलीय," रविराज फोनवर म्हणाला. "तिथं हवा अडकलीय, पाणी फिरतच न्हाई. इंजिन गार झालं की गाडीचं नाक चढावर करा. टोपण काढून इंजिन चालू ठिवा आन् बुडबुडे थांबंपतुर पाणी घालत ऱ्हावा."

सगळा मुलूख परातीसारखा सपाट. चढ एकच, थोरले भाऊ बबनराव यांच्या दारातला. पुराच्या धास्तीनं त्यांनी भराव टाकून घर उंच बांधलं, तेव्हा त्यांच्या अंगणातलं पाणी बाळासोंच्या शेवंतीत उतरलं. 'त्या भरावाला पाय लावणार न्हाई,' असं बाळासो चारचौघांत बोलून बसले. 'तुझ्या ट्रकावर आता दोडक्याचा वेल चढव,' असं बबनरावांनी सुनावलं. तेव्हापासून अबोला. उद्या दसऱ्याचा झेंडू बाजारात न्यायचा होता. ट्रक हलला नाही तर फुलं सडणार, वर बबनरावांचं म्हणणं खरं ठरणार. बाळासोंना फुलांपेक्षा हेच जास्त झोंबत होतं.

"पाय कशाला लावताय?" त्यांची बायको सिंधूबाई म्हणाल्या. "चाकं लावा की."

इंजिन निवल्यावर बाळासोंनी टोपण काढलं, पाण्याची बादली शेजारच्या सीटवर ठेवली आणि ट्रक भरावावर चढवला. हँडब्रेक कधीचाच गेलेला. ब्रेकवरचा पाय काढला तर गाडी मागं घसरणार. बादली सीटवर, रेडिएटर पुढं आणि बाळासो मध्ये अडकलेले.

बबनराव ओसरीवर आले.

"काय काम?" त्यांनी ट्रकच्या दिव्याला विचारलं.

"हवा काढायचीय," बाळासोंनी समोरच्या काचेला सांगितलं.

"मग उतर की."

"ब्रेकवर पाय हाय."

फाटकापाशी चाकाला लावण्याजोगा चांगला मोठा दगड पडला होता. तो दोघांनाही दिसला आणि दोघांनीही तो पाहिला नाही. बबनरावांनी खिडकीतून बादली ओढून घेतली आणि रेडिएटरमध्ये धार धरली.

पाणी गुळगुळ करत खाली गेलं. मोठा बुडबुडा आला, मग बारके. बबनराव थांबून थांबून ओतत होते. लहानपणी दोघं मिळून हाच ट्रक ओढ्यावर धुवायचे.

"ही कमान कुणी काढली?" बबनरावांनी विचारलं.

"म्या."

"तरीच."

बाळासोंना हसू फुटलं. ते लपवायला त्यांनी आरसा नीट केला. बुडबुडे थांबले, बबनरावांनी टोपण घट्ट बसवलं आणि रिकामी बादली खिडकीतून आत ठेवून ते घरात गेले.

दुसऱ्या दिवशी झेंडू वेळेवर बाजारात पोचला. काटा येता-जाता मधोमध राहिला. संध्याकाळी बाळासोंनी पुन्हा बादली भरून सीटवर ठेवली.

"अवं, काटा तर हलंना सुदिक," सिंधूबाई म्हणाल्या. "आता कुठं निघालात?"

"थोडी हवा ऱ्हायलीय."

सिंधूबाईंनी झेंडूची पाटी आणून बादलीशेजारी ठेवली.

ट्रक भरावावर चढला. बबनराव फाटकापाशीच उभे होते. त्यांनी दगड उचलला आणि मागच्या चाकाला लावला.

"काढ आता ब्रेकवरचा पाय," ते म्हणाले. "च्या निवतुय."

बाळासोंनी इंजिन बंद केलं. एकदा खाली भरावाकडं पाहिलं, चपला केबिनमध्येच काढल्या आणि पाटी घेऊन अनवाणी उतरले.