दोराचं दुसरं टोक

केवळरामने दोन्ही तळहातांवर एकेक मोबाइल घेतला आणि डोळे मिटून तोलून पाहिला.

"काका, मासोळी नोहे ते," दुकानदार हसला. "वजन नाई पाहत याचं."

"मंग काय पाहतेत?"

"पोरीले कायसाठी पायजे ते पाहतेत. हा रेडिओवाला, हा कॅमेरावाला, हा टॉर्चवाला."

केवळरामने रिंकूकडे पाहिलं. ती लाजून रस्त्याकडे बघत होती. तिची पेटी बाकाखाली होती. दुपारी तिला इथल्याच, चंद्रपूरच्या नर्सिंगच्या वसतिगृहात सोडायचं होतं. गावाबाहेर ती कधी एकटी राहिली नव्हती. निघताना बायकोनं, प्रेमिलानं, एवढंच बजावलं होतं, पोरीचा आवाज घरी ऐकू येईल असा फोन घेऊन द्या.

कॅमेरा असला की आवाज लांब जातो का? त्याने एकेक फोन कानाला लावला. सगळे सारखेच मुके. शेवटी एक निळा उचलून त्याने विचारलं, "याच्यातून आमच्या घरी आवाज येईन ना?"

"येईन ना. घरी कोणता फोन हाय?"

"घरी?"

रिंकू वळली. "बाबा! मी लावू कोणाले? तलावातल्या बगळ्याले?"

केवळराम ओशाळला. जन्मभर त्याने तलावात जाळं ओढलं होतं. एक दोर या काठावर, दुसरा त्या काठावर. पलीकडचा 'सोड' म्हणेपर्यंत आपला दोर सोडायचा नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. आणि आज दुसरं टोक कोण धरणार, हेच त्याला सुचलं नव्हतं.

दोन फोन घ्यावेत म्हणून त्याने खिशात हात घातला. हात तसाच बाहेर आला.

"हा तुमीच न्या," रिंकू म्हणाली. "वसतिगृहाजवळ रुपया टाकाचा डबा हाय. थितून लावीन मी."

"पन तुह्यासाठी घ्याले आलो ना मी?"

"माह्यासाठीच हाय तो. फक्त तुमच्याजवळ रायते."

मग तिनेच मोठ्या बटणांचा, मोठ्या आवाजाचा फोन निवडला आणि हिरवं बटण दाबायला शिकवलं. परतीच्या एसटीत केवळराम तिचं बोलणं मनात उलटसुलट करत राहिला. पोरीसाठीचा फोन, आणि पोरीजवळ नाही. काही केल्या जुळेना.

गावात रेंज नव्हती. घरात नाही, देवळापाशी नाही, तलावाच्या पाळीवर, त्या उंच बांधावरही नाही. तलावाच्या ऐन मधोमध मात्र दोन काड्या उमटत. असं का, ते कोणालाच सांगता येईना. ठरल्याप्रमाणे रविवारी दुपारी नवराबायको डोंगा घेऊन तिथे जाऊन बसले.

फोन वाजला तसे काठावरचे बगळे उडाले.

"बाबा, जेवले?"

"हो. तू?"

"जेवली. बाबा, मले इथी..."

आणि आवाज थांबला.

"रिंकू? काय वं? इथी काय?"

प्रेमिला पुढे सरकली तसा डोंगा हलला. "काय म्हणते? करमते का तिले? रडत त नाई?"

केवळरामने फोन कानावरून काढला नाही. वारा डोंग्याला हळूहळू काठाकडे नेत होता. त्याने मोकळ्या हाताने वल्हं उचललं आणि डोंगा पुन्हा मधोमध आणला.

"थांब," तो म्हणाला. "'सोड' नाई म्हणाली अजून."