चार बोटांची चुणी

“बॅक अगेन, प्रमोद? कान्ट स्टे अवे, ए?” काउंटरमागची मुलगी हसत म्हणाली आणि प्रमोदनं डोळे मोठे करून तिला गप्प केलं.

राजारामांनी दोन्ही पाहिलं. तिचं हसणंही आणि लेकाचे वटारलेले डोळेही. त्यांना इंग्रजी बोलता येत नव्हतं, पण कळत बरंच होतं. साताऱ्याच्या सरकारी विश्रामगृहात एकतीस वर्षं परिचर म्हणून काढल्यावर, हातात चहाचा ट्रे धरून तऱ्हेतऱ्हेच्या साहेबांचं इंग्रजी कानावर पडल्यावर, न कळून सांगतंय कुणाला? ‘परत आलास? राहवत नाही वाटतं?’ एवढा अर्थ त्यांना नीट लागला.

“अण्णा, चला, लिफ्ट इकडं आहे,” प्रमोद घाईनं बॅग उचलत म्हणाला.

लिफ्टकडे जाताना वाटेत काचेचं भलंमोठं दार लागत होतं. आत मशिनींच्या रांगा, त्यांचा टुणटुण आवाज, आणि भर दुपारी स्टुलांवर बसून बटणं दाबणारी माणसं. राजारामांनी मान फिरवली. वनिताबाईंचं तिकडं लक्षच नव्हतं. त्या छताकडे बघत म्हणाल्या, “अहो, ते झुंबर बघा की. पुसत कसं असतील हो?”

प्रमोद ऑकलंडच्या सँडरिंगहॅम उपनगरात भाड्याच्या घरात राहायचा. आई-वडिलांना त्यानं तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं होतं, आणि २००७ सालच्या त्या मार्चात त्यांच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून ऑकलंडमधल्या या मोठ्या हॉटेलात दोन रात्री. खाली कॅसिनो, वर खोल्यांचे मजल्यावर मजले. “एवढं कशाला रे?” राजाराम म्हणाले होते. “मला जवळजवळ फुकटच मिळतं,” असं म्हणून प्रमोदनं विषय बदलला होता.

तिथंच पाल चुकचुकली. सँडरिंगहॅमच्या रस्त्यावर किराणा दुकानाबाहेर शशिकांत नावाचे पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ भेटायचे. त्यांना जगातल्या प्रत्येक गोष्टीची माहिती असे आणि ती न विचारता मिळे. त्यांनीच सांगितलं होतं, “अहो शेलार, कॅसिनोवाले काय खुळे आहेत? जो खूप खेळतो त्याला कार्ड देतात. मग खोली फुकट, जेवण फुकट. परत परत आला पाहिजे ना माणूस!” आणि तसलं एक कार्ड राजारामांनी स्वतः पाहिलं होतं, धुवायला टाकलेल्या प्रमोदच्या पँटच्या खिशात. त्यावर प्रमोदचं नाव होतं आणि याच कॅसिनोचं चिन्ह.

प्रमोद सांगायचा, सिटीत ऑफिस आहे. पण कुठल्या ऑफिसचा माणूस पहाटे पाचला घर सोडतो? रविवारीसुद्धा? काम काय करतोस म्हणून विचारलं तर म्हणायचा, “मॅनेजमेंटचं.” दुपारी परत आला की सोफ्यावर आडवा व्हायचा आणि बुटांसकट झोपून जायचा.

जुगार म्हटलं की राजारामांना थोरला भाऊ आठवायचा. सुधाकर. आकडा लावायच्या नादात घरात तोंड दाखवायची सोय राहिली नाही, तेव्हा एका सकाळी तो सायकल घेऊन बाहेर पडला आणि परत आलाच नाही. आई मरेपर्यंत दाराला कडी लावू द्यायची नाही. ते लोटलेलं दार राजारामांनी लहानपणापासून पाहिलं होतं. आता पोटचा पोरगा त्याच वाटेला लागला असेल तर? पंधरा दिवस त्यांनी हे पोटात ठेवलं होतं. वनिताबाईंना ब्लडप्रेशर होतं, त्यांना सांगायची सोय नव्हती.

खोली सोळाव्या मजल्यावर होती. खिडकीतून निळं हार्बर आणि शिडाच्या होड्या. वनिताबाईंनी ते सगळं एका नजरेत उरकलं आणि पलंगापाशी येऊन उभ्या राहिल्या.

“बसू का?” त्यांनी विचारलं.

त्या विचारण्याला कारण होतं. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात त्या विश्रामगृहाची फरशी पुसून दमल्या आणि दोन मिनिटं गादीच्या कडेला टेकल्या, तर राजाराम अंगावर ओरडले होते. घरच्या माणसानं बंगल्यातल्या अंथरुणाला हात लावायचा नाही, असा त्यांचा कायदा होता. मागच्या क्वार्टरमध्ये ती दोघं जमिनीवर सतरंजी टाकून झोपत आली.

“बस की,” प्रमोद हसत म्हणाला. “दोन दिवस तुझाच आहे तो पलंग.”

वनिताबाई बसल्या. मग नवऱ्याकडे बघत मुद्दाम दोनदा उसळल्यासुद्धा.

रात्री पांघरुणात शिरल्यावर त्या म्हणाल्या, “पाय किती मोकळे वाटतात हो इथं,” आणि लगेच घोरायला लागल्या. राजाराम मात्र छताकडे बघत पडून राहिले. कान्ट स्टे अवे, ए?

दुसऱ्या दिवशी प्रमोद ऑफिसला जाणार होता. “तुम्ही दोघं हार्बरवर फिरून या, दोन वाजेपर्यंत तरी,” असं त्यानं दोनदा बजावलं होतं. पण अकरा वाजता खाली उतरेपर्यंतच वनिताबाईंचे गुडघे बोलायला लागले. त्या लॉबीतल्या सोफ्यावर बसल्या. राजाराम म्हणाले, “मी जरा चक्कर मारून येतो,” आणि सरळ त्या काचेच्या दाराकडे गेले.

दारात एक धिप्पाड रखवालदार उभा होता. “किआ ओरा, सर,” असा तिथल्या माओरी भाषेत रामराम करून त्यानं दार उघडून धरलं. राजाराम स्वेटरच्या बाह्या सारख्या करत आत शिरले. त्यांना कुणाचा चेहरा बघायचा नव्हता, पाठमोरी मान ओळखायची होती. प्रमोदच्या मानेवर उजवीकडे तीळ होता. एकेका रांगेतून ते फिरले. म्हाताऱ्या बायका होत्या, कामाच्या कपड्यांतली माणसं होती, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. तीळ कुठं दिसला नाही. तरी जीव राहिना. बाहेर येताना त्यांनी पाकिटातला प्रमोदचा फोटो काढून त्या रखवालदारापुढे धरला.

“माय सन. हिअर?”

रखवालदार वाकला आणि त्याचा चेहरा खुलला. “प्रमोद! शुअर. ही इज हिअर एव्हरी डे, मेट.”

एव्हरी डे. राजारामांनी फोटो घाईनं पाकिटात कोंबला. तो माणूस आणखी काही सांगत होता, पण ते ऐकायला थांबले नाहीत.

वनिताबाईंना घेऊन ते खोलीवर आले. तेवढ्या वेळात कुणीतरी खोली आवरून गेलं होतं. वनिताबाई मोरीत गेल्या. राजारामांना कधी एकदा बसतो असं झालं होतं, पण बसायच्या आधी सवयीनं डोळे पलंगावरून फिरलेच. एकतीस वर्षांची नजर ती, दुःखातही आपलं काम सोडत नाही. चादरीचे कोपरे बरोबर होते. उशीच्या खोळीचं तोंड दारापासून पलीकडे, तेही बरोबर. मग नजर पायथ्याशी गेली आणि तिथंच थांबली.

पांघरुणाला पायाशी आडवी चुणी घातलेली होती.

ही चुणी कुठल्या नियमात नव्हती. फार वर्षांपूर्वी एक म्हातारे इंजिनिअर साहेब विश्रामगृहात उतरायचे. त्यांच्या पायाचा अंगठा सुजलेला असे, आणि ताणून खोचलेल्या ब्लँकेटचा भारसुद्धा सहन होत नसे. राजारामांनी आपल्याच डोक्यानं पायथ्याशी चार बोटांची चुणी घालून जागा सैल सोडली. साहेब सकाळी नुसतं “झोप लागली” एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून राजारामांनी प्रत्येक पलंगाला ती चुणी घातली. कुणी सांगितली नव्हती आणि कुणाच्या लक्षातही आली नाही. शिकवली त्यांनी एकालाच. मे महिन्याच्या सुट्टीत मागं मागं फिरणाऱ्या आपल्या पोराला.

राजारामांनी वाकून चुणीवर चार बोटं ठेवली. किंचित जास्त भरली. प्रमोदची बोटं लांब होती.

बराच वेळ ते तसेच ओणवे राहिले. रोज येतो म्हणाला तो रखवालदार. मग येणारच की रोज! पहाटे पाचला घर सोडतो, दमून बुटांसकट झोपतो, कामावरचं कार्ड खिशात विसरतो. राजारामांचा जीव असा भांड्यात पडला की त्यांना एकट्यालाच हसू फुटलं. तोंडावर हात दाबून ते बाहेर आले.

तीन दारं सोडून टॉवेल-साबणांनी भरलेली गाडी उभी होती. दार उघडं होतं. आत करड्या शर्टातला प्रमोद एकटाच भल्यामोठ्या पलंगाशी झटत होता. एक टोक ओढलं की दुसरं सुटत होतं.

“ती बाजू सुटतीय,” राजाराम दारातून म्हणाले.

प्रमोद गर्रकन वळला. चेहरा उतरला. “अण्णा! तुम्ही हार्बरवर जाणार होता ना?”

“आईचे गुडघे दुखतायत.”

प्रमोद हातातल्या चादरीकडे बघत म्हणाला, “सांगणार होतो मी. डिप्लोमाच्या लायकीचं काही मिळेपर्यंत म्हणून धरलं होतं. सहा महिने म्हणता म्हणता चार वर्षं झाली. आणि तुम्हीच म्हणायचा ना अण्णा, काय वाटेल ते कर, पण माझ्यासारखं लोकांचं अंथरूण झाडू नकोस.”

“ते राहू दे. आधी सांग, खाली खेळतोस का तू?”

“काय खेळतो?”

“ते मशीन. पत्ते.”

“अण्णा, स्टाफला बंदी आहे. बटणाला हात लावला तर दुसऱ्या दिवशी जॉब गेला. स्टाफ रेटनं मिळालीय तुमची खोली. तुम्हाला काय वाटलं?”

“सुधाकरकाका वाटला मला तू,” राजाराम म्हणाले, आणि इतका वेळ आवरलेलं सगळं डोळ्यांतून आलं. “पंधरा दिवस घशाखाली घास उतरत नव्हता रे.”

प्रमोदनं चादर सोडली आणि येऊन वडिलांचे दंड धरले. मग दोघंही हसायला लागले. हसता हसता राजारामांना फार वाईटही वाटलं. एकतीस वर्षं जे काम मन लावून केलं, त्याला आपणच घरात इतकी नावं ठेवली की पोराला ते चोरून करावं लागलं.

“ते मी चुकीचं बोलायचो,” ते म्हणाले. “अंथरूण झाडायचं ते. आमची खोली तू केलीस ना?”

“मागून घेतली दोन्ही दिवस. कसं कळलं?”

राजारामांनी चार बोटं वर केली.

तेवढ्यात दोन्ही काखांत उशा घेतलेली, सामोआ बेटांकडची एक बाई आत आली. प्रमोदची कामावरची जोडीदारीण, लोसा. “हू इज दिस?” तिनं विचारलं.

प्रमोद क्षणभर घुटमळला. मग सरळ उभा राहून म्हणाला, “माय डॅड. ही टॉट मी.”

“द प्लीट? दॅट वॉज यू?” लोसानं उशा खुर्चीवर टाकल्या आणि राजारामांचा हात धरून खसाखसा हलवला. त्या चुणीसाठी म्हाताऱ्या बायका चिठ्ठ्या लिहून ठेवतात, ती सांगू लागली, पायांना आराम पडला म्हणून. आता वयस्कर माणसं उतरली की तीसुद्धा चुणी घालायची. राजारामांना त्यातलं निम्मंच समजलं, पण तेवढं पुरेसं होतं.

“धर,” ते प्रमोदला म्हणाले आणि चादरीची दोन टोकं उचलली.

“अण्णा, तुम्ही गेस्ट आहात.”

“धर म्हणतो ना.”

चादर वर उडाली आणि सरळ पसरली. बोलायची गरज लागली नाही. कोपरे झाले, पांघरूण आलं.

“इथं कोण उतरलंय?” पायथ्याशी येऊन राजारामांनी विचारलं.

“तरणी जोडी आहे. सुपरवायझरला सरळच लागतं.”

“पाय सगळ्यांनाच असतात. घाल.”

प्रमोदनं लोसाकडे पाहिलं. तिनं दुसरीकडे तोंड फिरवलं. त्यानं चुणी घातली.

राजाराम खोलीत परतले तेव्हा वनिताबाई खिडकीशी बसल्या होत्या. “कुठं गेला होता? आणि डोळे का लाल?” त्यांनी विचारलं. राजारामांनी थोडक्यात सगळं सांगितलं. आधीची भीती वगळली, ती नंतर कधीतरी सांगता आली असती. वनिताबाईंनी पदर डोळ्यांना लावला. “तरीच,” त्या म्हणाल्या. “त्याच्या हाताला साबणाचा वास येतोय, तुमच्या हाताला यायचा तसला. मला वाटलं, मीच म्हातारी झाले.”

राजारामांनी चपला काढल्या आणि भर दुपारी पांघरुणात शिरून पाय पुरते लांब केले. हजारो माणसांसाठी त्यांनी ती जागा ठेवली होती, पण तिथं आपले पाय कधी घातले नव्हते. काल रात्री घातले, ते काळजीपायी कळलंच नव्हतं. आता त्यांनी बोटं हलवून पाहिली. कुठं काही टोचलं नाही की दाबलं नाही.

“अहो, आत्ताच घातलंय ते,” वनिताबाई म्हणाल्या. “मोडेल की अंथरूण!”

“मोडू दे,” राजाराम डोळे मिटत म्हणाले. “घरच्याच माणसानं घातलंय.”