चटईवरचे मागणे

मी केवड्याच्या पातीची एक जुनी चटई आहे. मित्रांनो, माझा एक कोपरा उंदरांनी कुरतडला होता आणि माझ्या मधोमध चहाचा मोठा डाग आहे, पण मला तक्रार करायची नाही. मला आभार मानायचे आहेत.

नेई ताबेरा, म्हणजे ताबेराबाई नावाच्या आजीने मला विणले. किनाऱ्यावरच्या केवड्याची पाने आणून तिने काटे काढले, पाने वाळवली, बडवून मऊ केली आणि त्यांच्या पाती काढल्या. विणता विणता ती सुनेला टोमणे मारायची आणि सून खुदुखुदु हसायची, कारण दोघींचे चांगले जमायचे. त्या सुनेची मुलगी अरोइता. ती जन्मली ती माझ्यावरच. रांगताना तिने पहिला गुडघा माझ्यावर टेकला आणि पहिली अक्षरेही माझ्यावर पालथी पडून गिरवली.

सभा असली की मला मनेआबात नेत. आमच्या बेटावरचे ते सभेचे मोठे छप्पर, चारही बाजूंनी उघडे. तिथे प्रत्येक घराण्याची बसायची जागा ठरलेली असते. आपल्या जागेवर, आपल्या चटईवर बसून कुणी बोलू लागले की त्याला मध्येच तोडायचे नाही, असा आमचा रिवाज. मात्र बोलायचे ते मोठ्या माणसांनीच. मुलांनी बाहेर वळचणीला बसायचे.

पुढे घरात प्लास्टिकची रंगीत चटई आली आणि मला गुंडाळून आढ्याला खोचले गेले. उंदीर आले, झुरळे आली. मला फार वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? माझे दिवस पालटले ते तेबाऊकाकांमुळे.

तेबाऊकाका म्हणजे ताबेराआजीचा थोरला मुलगा, अरोइताच्या बाबांचा भाऊ. ते राजधानीत राहत. आमच्याकडे नात्यातल्या माणसाने समोर बसून 'बुबुती' म्हणत काही मागितले, तर नाही म्हणायचे नसते. नाही म्हणणाऱ्याला गावात तोंड दाखवता येत नाही. अडीनडीला सगळेच मागतात आणि सगळेच देतात. तेबाऊकाका मात्र दर खेपेला मागायचे. एकदा सायकल नेली, एकदा डुक्कर. मग धाकट्या भावाचा, म्हणजे अरोइताच्या बाबांचा, इओआनेचा, नवा कोरा शर्ट नेला आणि जाता जाता ती प्लास्टिकची चटईसुद्धा. म्हणून तर मी आढ्यावरून खाली आले!

पुढच्या खेपेला काका तोच शर्ट घालून आले. मनेआबात जेवणे झाली, मासे आणि अळूचे कंद सगळ्यांनी चापले. मग काका माझ्यावर इओआनेसमोर मांडी घालून बसले.

"इओआने, जुळ्यांनी आमची झोप उडवलीय. बायको कामावर जाते, घरात पोरांना बघायला कुणी नाही. तुझी अरोइता मला दे. बुबुती."

"तिची शाळा आहे, दादा."

"शाळेचं पुढच्या वर्षी बघू की."

ते पुढचे वर्ष कधीच येत नाही. शेजारची एक मुलगी अशीच गेली होती. ती परत आली तेव्हा तिला पुस्तकातली ओळसुद्धा वाचता येत नव्हती. इओआनेला ते ठाऊक होते. तो कितीतरी वेळ माझ्या चहाच्या डागाकडे पाहत राहिला.

"बरं," तो शेवटी म्हणाला.

अरोइताने वळचणीतून ते ऐकले. आजीने मान न वळवता माझ्या कडेवर थाप मारली. "अरोइता, इकडे ये. बस इथे."

"ताबेरा, पोरांचं इथं काय काम?" पलीकडचे एक आजोबा गुरगुरले.

"जागा आमची, चटई आमची. तुमच्या मांडीवर नाही बसवत तिला."

लोक हसले. अरोइता वाकून आत आली आणि माझ्यावर बसली.

"काका, बाबांनी मला तुम्हाला दिलं. म्हणजे आता मी तुमची ना?"

"माझीच, बाळा."

"मग बाबांकडे मागून काही उपयोग नाही. तुमच्याकडेच मागते." "मला मी हवी आहे. मला इथे राहायचंय, शाळेत जायचंय. बुबुती, काका."

तेबाऊकाका शर्टाच्या बटणाशी चाळा करू लागले.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच. दर खेपेला."

सगळ्यात आधी ते गुरगुरणारे आजोबाच हसले. मग अख्खे मनेआबा हसले, आणि काकांनाही हसू आवरेना. ते माणूस वाईट नव्हते हो, घरात गांजले होते.

"दिली," ते म्हणाले. "घे, तुझी तू."

इओआनेने तोंडावरून हात फिरवला आणि तो तसाच डोळ्यांवर ठेवला.

"जुळ्यांना बघायला मी येते," आजी म्हणाली. "चालायला लागेपर्यंत राहीन. पण तेबाऊ, आता माझी बुबुती. तो शर्ट काढ."

काकांनी तिथल्या तिथे शर्ट उतरवून भावाच्या मांडीवर ठेवला.

आजी बोटीने गेली. मी मागे राहिले. माझा कुरतडलेला कोपरा अरोइताने नवी पात घालून विणला आहे. वीण थोडी वाकडी आली आहे, पण मला ती फार आवडते. शाळेत जाण्याआधी ती मला उन्हात टाकते. आणि सभेत विहिरीची नाहीतर शाळेच्या छपराची गोष्ट निघाली, की ते आजोबाच वळचणीकडे पाहून म्हणतात, "या रे आत. काय म्हणणं आहे तुमचं?" या सगळ्याबद्दल मी आजीचे, अरोइताचे आणि खरे सांगायचे तर तेबाऊकाकांचेही आभार मानते.

मित्रांनो, घरातल्या जुन्या चटईला अधूनमधून ऊन दाखवा, एवढे मागणे माझे आहेच. पण दुसरे मागणे त्याहून मोठे आहे. त्या दिवशी अरोइताचा आवाज सगळ्यांनी ऐकला, पण तिचे गुडघे थरथरत होते ते फक्त मला कळले. लहान माणूस मोठ्यांसमोर बोलायला बसते, तेव्हा ते असेच थरथरत असते, आणि वरून काही दिसत नाही. तुम्हीही उद्या मोठे व्हाल. तेव्हा अशा लहान माणसाचे बोलणे पुरे होईपर्यंत चटईवरून उठू नका. बुबुती.