रुंद काच

“भाईदास, मांगे सरक ना भो! मन्हा दोन आंडोर कापाई ऱ्हायनात!”

“मांगे भीत शे, आबा! आते काय भीतमा घुसू?”

भाईदासच्या पाठीला समोरच्या घराचा चुना लागला होता. गल्ली अरुंद, आणि आबांचे, म्हणजे चुनीलाल पाटलांचे, कुटुंब ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेले. चौघे मुलगे, त्यांतला धाकटा बिनलग्नाचा, नातवंडे, मधोमध आबा आणि त्यांची बायको शांतीबाई. तळोद्याहून सायकल मारत तापीकाठच्या या गावी आलेला भाईदास फोटोग्राफर जुन्या कॅमेऱ्याला डोळा लावून घामाघूम झाला होता. काही केल्या सगळे मावेनात, कडेचे दोन मुलगे कापलेच जात होते.

“दोन फोटू काढू का?”

“दोन काढशी त लोक म्हनतीन, वाटनी व्हई गई,” आबा कडाडले.

केळीच्या बागेत भरपूर जागा होती. पण शांतीबाई फणकारल्या, “आम्ही काय रखवालदार शेतस? फोटू आपलाच ओटावर!”

“दसराले परत ये,” आबांनी निकाल दिला. “नही जमनं त नंदुरबारवाला बलावसू.”

आबा ज्याला बोलावतील त्यालाच आजूबाजूची सगळी गुजर गावे लग्नाला बोलावत. हे घर गेले की लग्नसराई गेली, आणि लग्नसराई गेली की भाईदासच्या दुकानाला कुलूप.

यावर उपाय एकच, कॅमेऱ्याची जास्त रुंद दाखवणारी काच, म्हणजे लेन्स. मुंबईच्या दुकानातली किंमत ऐकून बायको निर्मलाबाई म्हणाली, “इतलामा दुभती म्हैस येस. तुम्हनी काच दूध देस का?” भाईदास विसरवाडीच्या फाट्यावर जाऊन बसू लागला आणि थांबणाऱ्या प्रत्येक ट्रक ड्रायव्हरला गाठू लागला. कुठे जुनी मिळाली तर आणा हो. माणसे मोठ्या मनाची. एकाने म्हाताऱ्याचा चष्मा आणला, दुसऱ्याने बॅटरीची काच काढून आणली. शेवटी भिला ड्रायव्हरने सुरतेच्या जुन्या बाजारातून मोज्यात गुंडाळून एक वस्तू आणली. रशियन काच, चक्क रुंद, आणि कॅमेऱ्याला बसणारी!

“पैसा नको,” भिला मिशीला हात फिरवत म्हणाला. “मन्हा ट्रकसंगे फोटू काढ. बठ्ठा ट्रक दिसाले पाहिजे.”

फोटो धुतला, तर नाकापासून शेपटापर्यंत ट्रक आला होता. भाईदास आनंदाने दुकानासमोर रस्त्यातच नाचला.

एकच खोट होती. या कॅमेऱ्यात डोळा लावायची खिडकी निराळी आणि फोटो घेणारी काच निराळी. काच नवी आली तरी खिडकी जुने तेवढेच दाखवणार. त्यासाठी वर बसवायची रुंद खिडकी मिळते, ती मोज्यात नव्हती. कडेला काय येते, ते अंदाजानेच ठरवायचे.

दसऱ्याला आबांचे कुटुंब नव्या कपड्यांत ओट्यावर बसले. सुनांनी सासऱ्यासमोर तोंड उघडे ठेवायचे नाही, म्हणून त्या फोटोत नव्हत्या. गोठ्याच्या दाराशी, सगळ्यांच्या बाजूला उभ्या राहून तिघी मजा बघत होत्या. पुरुष सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते, मग पदर कशाला ओढायचा?

“हालू नका!” भाईदास ओरडला. आबांनी श्वासच रोखून धरला. गाल फुगले, डोळे बाहेर आले. खटका दाबला गेला.

फोटो धुतल्यावर निर्मलाबाईने कपाळाला हात लावला. ओटा सगळा आला होता, आणि ओट्याच्या कडेला गोठाही. गोठ्याच्या दारात तिघी सुना उघड्या तोंडाने, पदर खांद्यावर, एकमेकींवर रेलून सासऱ्याला हसत होत्या. कड कापावी तर शेजारचा थोरला मुलगा अर्धा जात होता.

जे होईल ते होवो, म्हणत भाईदास फोटो घेऊन गेला. आबांनी तो हातात धरला, उजेडात नेला. भाईदासला आपले दुकान कुलूप लावलेले दिसू लागले.

“ह्या कोन?”

“तुम्हन्या सुना,” शांतीबाई चाचरत म्हणाल्या.

“हाई सगळास्मा जास्त हासी ऱ्हायनी ती?”

“फुलवंता. मधली.”

आबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. “हिन्हा हातनी भाकर रोज खास मी,” ते हळूच म्हणाले. “तोंड आज देखं.”

“आबा, चुकी व्हई गई. कड झाकी देऊ का?”

“हात लावू नको!” आबा गरजले, आणि लगेच आवाज उतरवून म्हणाले, “भिकनना लगीन शे माघमा. तूच येजो.” भिकन म्हणजे त्यांचा पुतण्या.

भाईदासच्या जिवात जीव आला. आबा फोटो दाखवायला घरात निघाले. घरात शिरताना सासऱ्याने खाकरायचे, म्हणजे सुना पदर सावरतात, ही तिथली रीत. आत कुणीतरी काहीतरी बोलले आणि तिघी खळखळून हसल्या. आबांनी घसा साफ करायला तोंड उघडले, आणि तसेच मिटले.

फोटो छातीशी धरून ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले. आतले हसू आपोआप थांबेपर्यंत उभे राहिले. मग खाकरले.